टोपलीतले हात

मी बायकांच्या हातांचे फोटो काढायचे. कामाबद्दल एवढं सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सहसा सांगत नाही. दिवाळीच्या अंकांत शिकलेली माणसं नोकरीच्या आठवणी लिहितात, त्या मी वाचते. त्यांत बदल्या आणि बढत्या असतात. मी चौथीपर्यंत शिकले. बढती मला एकदाच मिळाली, तीही डोळा सुजल्यामुळं. हे मी माझ्यापुरतं लिहीत आहे, तरी कोणाच्या हाती पडलं तर कळावं म्हणून काम नीट समजावून सांगते.

केजपासून जवळच सीताफळाचा गर काढायचा कारखाना आहे. बालाघाटाच्या डोंगरातलं फळ आमच्याकडं येतं. पिकलेलं फळ हातानं फोडायचं, सालीतून गर चमच्यानं ओढायचा, मग यंत्रातून बिया वेगळ्या करून गर पिशव्यांत भरायचा आणि गोठवायचा. सगळं घाईचं काम. उघडा राहिला तर पांढरा गर बघता बघता तांबूस होतो आणि आइस्क्रीमवाले तो परत पाठवतात. मी आधी फळ फोडायच्या टेबलावरच होते. एकदा फुटलेल्या बीचा रस डोळ्यात गेला. डोळा असा सुजला की घरची लेकरं जवळ येईनात. साहेब भले माणूस, त्यांनी मला टेबलावरून काढलं आणि ऑफिसात झाडलोट, चहा आणि हातांचे फोटो असं काम दिलं.

फोटो कशाला, तर एका मोठ्या आइस्क्रीम कंपनीची अट होती. गराला हात लावणाऱ्या प्रत्येक बाईचे दोन्ही हात रोज सकाळी तपासायचे आणि त्याचा फोटो ठेवायचा. जखम नको, नखं वाढलेली नकोत, अंगठी नको, बांगडी नको. पुढं मालात काही निघालं तर त्या दिवशीचे हात बघता यावेत.

बांगडीचं कलम ज्यानं लिहिलं त्याला आमच्या बायका माहीत नसाव्यात. काचेच्या बांगड्या सवाष्णीच्या हातातून सहज उतरत नाहीत. शेवटी साहेबांनी मधला मार्ग काढला. बांगड्या राहू द्या, पण वरून फडकं घट्ट गुंडाळा आणि त्यावर कोपरापर्यंत प्लास्टिकची बाही चढवा. कंपनीचा माणूस एकदा तपासायला आला तेव्हा एका म्हातारीच्या मनगटावरचं गोंदण बघून म्हणाला, मावशी, हे डाग धुऊन या. म्हातारी म्हणाली, "लगीन झाल्यापसनं धुतीय बाबा. तुला जमलं तर तूच धू." तो बिचारा लाल झाला. त्या दिवशी सगळं टेबल हसत होतं.

फोटो काढायचे ते सर्व्हरच्या खोलीत. सर्व्हर म्हणजे एक मोठा कॉम्प्युटर. ऑफिसातली बाकीची मशीनं वायरनं त्याला जोडलेली असायची आणि कारखान्याचा सगळा कारभार त्याच्या पोटात असायचा: कोणाचं फळ कधी आलं, कुठला माल कुठं गेला, तपासणीचे कागद, सगळं. तो तापू नये म्हणून त्या खोलीला एसी होता, आणि आतून लावता येईल अशी कडी कारखान्यात तेवढ्याच खोलीला होती. म्हणून बायका एकेक करून तिथं यायच्या, टेबलावरच्या निळ्या कापडावर हात पालथे ठेवायच्या, मग उताणे. मी कॅमेऱ्यानं फोटो काढायचे आणि वायर लावून सर्व्हरमध्ये घालायचे. दसऱ्याला त्या डब्याला झेंडूचा हार मीच घालायचे. त्याची मला माया होती असं म्हटलं तरी चालेल.

फडकं गुंडाळायच्या आधीचे हात दाखवावे लागत. कोणी त्या वेळेपुरत्या बांगड्या कोपराकडं सारायची, कोणी चार उतरवून हातात धरायची. त्या फोटोंची बायकांना भीती वाटे. सवाष्णीचं रिकामं मनगट, त्याचा फोटो, आणि तो गडीमाणसांच्या ऑफिसात. आमचे अकाउंटंट जाधवराव दुसरा कागद शोधताना फोटोंची फाइल उघडायचे तेव्हा मलाच कसंनुसं व्हायचं. बायका म्हणाल्या, अक्का, कुणाला दिसणार न्हाईत आसं ठिव.

मी ते टोपलीत ठेवू लागले.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात एक लहान टोपली असते. एकदा माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं आणि सकाळचे सगळे फोटो नाहीसे झाले. मी घाबरून सलीमभाईंना फोन लावला. सलीमभाईंचं केजमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आमच्या सर्व्हरचे डॉक्टर तेच. ते आले, हसले, टोपली उघडून दाखवली. "कावून रडताय अक्का? हितं हायत की समदे. हितनं उचलायचं, परत जाग्यावर जातंय." ते सांगून विसरले, मी मात्र लक्षात ठेवलं. टोपली ही केराची असते हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरी टोपलीत भाकरी ठेवतात. केर टाकायला टोपली कोण वापरतं? मी बघितलं की टोपलीत घातलेलं बाहेर कोणालाच दिसत नाही, जाधवराव तिकडं फिरकत नाहीत, आणि साहेबांनी फोटो मागितला की उचलून परत जागेवर ठेवता येतो. साहेबांनी क्वचितच मागितला. मागितला तेव्हा दर वेळी निघाला. मला माझ्या युक्तीचा थोडा गर्वही होता.

आता शेवंताबद्दल सांगते.

शेवंता युसूफ वडगाव नावाच्या गावाहून जीपनं यायची. हात जलद, तोंड त्याहून जलद. लेकीचं लग्न झालं तेव्हा तिनं हिरवा चुडा भरला होता. त्या हंगामात पाऊस जास्त, फळ पाणीदार, रस बाहीच्या आत शिरायचा आणि ओल्या फडक्यानं तिची मनगटं सोलून निघाली. एके सकाळी तिनं कडी लावली आणि हळूच म्हणाली, "अक्का, काढून ठिवू का? लई आग होतीया." मी साबणाचं पाणी आणलं. एकेक बांगडी मीच उतरवली. तेवढा वेळ ती भिंतीकडं तोंड करून उभी होती. मग मोकळे हात निळ्या कापडावर ठेवून म्हणाली, फोटू काढ, पन कुनाला दावू नको, जीपीत माझी सासू असती. त्या दिवसापासून रोज सकाळी आम्ही बांगड्या उतरवायचो, एका डब्यात घालून तो सर्व्हरच्या मागं ठेवायचो, आणि संध्याकाळी ती त्या चढवून जीपमध्ये बसायची. बाहेर तिच्या हातात चुडा, टेबलावर कोपरापर्यंत बाही. आत काय आहे हे तिला आणि मलाच माहीत.

त्याच हंगामात सर्व्हर कण्हायला लागला. मध्येच बंद पडायचा. सलीमभाई म्हणाले, म्हातारं झालंय, आता क्लाउडवर जा. क्लाउड म्हणजे आपला कारभार आपल्या डब्यात न ठेवता दूरच्या मोठ्या कंपनीच्या मशीनवर भाड्यानं ठेवायचा. मग साहेब पुण्यात असले तरी तिथून कागद बघू शकतात, एकाच कागदावर दोघं एकदम लिहू शकतात, तिथंच बोलताही येतं, तोंडं दिसतात. जाधवरावांना ते पटेना. ते म्हणाले, बीड जिल्ह्यात ढगाच्या भरवशावर कोण राहतं सलीमभाई? आणि पहिल्याच दिवशी ते एक तक्ता भरत होते, तिकडं पुण्यात साहेब तोच तक्ता उघडून चुका पुसत होते. आकडा लिहिला की आपोआप जातोय हे बघून जाधवरावांनी खुर्ची मागं सारली आणि मशीनला हात जोडले.

सामान हलवायचं काम सलीमभाई खोलीत बसून करत होते. घर बदलताना करतात तसंच असतं ते. आधी काय न्यायचं, काय टाकायचं ते ठरवायचं, मग फायली एकेक करून तिकडं पोचवायच्या, मग तिकडं नीट पोचल्या का ते बघायचं, आणि कोणी काय उघडावं याच्या किल्ल्या ज्याच्या त्याच्या नावानं द्यायच्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं, असं ते दहादा सांगायचे. म्हणजे बायकांचे फोटो माझ्या आणि साहेबांच्याच नावानं कुलूपबंद ठेवता आले असते. पण ते मला तेव्हा समजलं नव्हतं. मला एवढंच समजलं होतं की सगळं आता सगळ्यांना कुठूनही दिसणार. बायकांनाही तेच कळलं होतं. जीपमध्ये म्हणे तेवढाच विषय होता. आपले हात पुण्या-मुंबईच्या लोकांना दिसणार.

काम संपत आलं तेव्हा सलीमभाईंनी मला बोलावलं. जाधवराव शेजारी, साहेबही उभे. पडद्यावर फायलींची नावं होती. सलीमभाईंनी विचारलं, अक्का, तुमचं समदं आलंय का बघा, आनखी काय ऱ्हायलंय का? हातांच्या फोटोंची फाइल नावापुरती तिथं होती. आतले फोटो टोपलीत आहेत हे मला माहीत होतं. तोंड उघडायचा अवकाश होता. पण तीन गडीमाणसांसमोर टोपली उघडली की सगळी मनगटं पडद्यावर येणार होती, त्यात शेवंताचीही. मी मनात म्हटलं, राहू देत ते इथंच, या डब्यात, आपल्या खोलीत. मी मान हलवली आणि सगळं आलं म्हणून सांगितलं.

डबा तिथं राहणार नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सलीमभाईंनी तो पुसून कोरा केला आणि तो साहेबांच्या मेहुण्याच्या दुकानात गेला. मी सकाळी खोली उघडली तर टेबलावर त्याच्या आकाराची धूळ न बसलेली जागा होती. मी केजला सलीमभाईंच्या दुकानी गेले. सलीमभाईंनी ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. ते म्हणाले की नुसतं पुसलं नाही, परत निघू नये असं धुतलंय, तसंच करायचं असतं. मग म्हणाले, "अक्का, एक शब्द बोल्ल्या आसत्या तर दोन मिन्टाचं काम हुतं."

मी हे साहेबांना सांगितलं नाही. नवे फोटो नव्या जागी ठेवू लागले आणि जुने कोणी मागणार नाही अशी मनाची समजूत घातली.

दिवाळीनंतर तक्रार आली. आइस्क्रीम कंपनीच्या एका पिशवीत हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला होता. पिशवीवरच्या क्रमांकावरून दिवस कळला आणि टेबल कळलं, शेवंताचं टेबल. दिवस सर्व्हर जायच्या आधीचा, पण आम्ही रोज बांगड्या उतरवू लागल्यानंतरचा. त्या टेबलावर हिरवा चुडा तिचा एकटीचाच. तिला ऑफिसात बोलावलं. जाधवरावांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, माझी न्हाई. जाधवराव म्हणाले, मग काय आभाळातून पडली का? तेव्हा ती जे बोलली ते तिनं आजवर घरातही सांगितलं नव्हतं. "मी बांगड्या काढून काम करत हुते. रोज. ह्या अक्काला इचारा. फोटू हायत."

जाधवराव माझ्याकडं वळले. मी म्हणाले, फोटो नाहीत. कुठं गेले, तर हलवताना राहिले. एवढंच बोलले. शेवंतानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी काही तरी विसरले आहे आणि आत्ता आठवून सांगेन, अशी वाट बघत होती ती.

दुपारी पडद्यावरची मीटिंग ठरली. साहेब पुण्यातून, कंपनीच्या बाई त्यांच्या ऑफिसातून. जाधवरावांनी लॅपटॉप लावून मला समोर बसवलं, आणि फळाची गाडी आली म्हणून ते बाहेर गेले. खोलीत मी आणि दाराशी उभी शेवंता, एवढ्याच. शेवंता पडद्यावर दिसत नव्हती. मला चौकटीत माझंच तोंड दिसत होतं, आणि मी आयुष्यात इतका वेळ माझं तोंड पाहिलेलं नव्हतं. साहेब बोलले, बाई बोलल्या. मग बाईंनी फार नीट, आदरानं विचारलं. फोटो नसले तरी हरकत नाही, तुम्ही रोज हात बघता, त्या दिवशी तुम्ही स्वतः काय पाहिलंत?

मी बोलले. हे मी खोटं लिहीत नाही. मी पदर सावरला आणि म्हणाले, "तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. मीच उतरवल्या होत्या."

दोघं तसेच माझ्याकडं बघत राहिले. मग साहेब कानाला हात लावून म्हणाले, कांताबाई, आवाज येत नाही, खाली माइकचं चित्र आहे ते दाबा. मी चित्र शोधू लागले. ते सापडेपर्यंत माझ्या मनात सगळं येऊन गेलं. आता विचारतील, बांगड्या तू का उतरवल्यास, साहेबांनी फडकं सांगितलं होतं ना? फोटो राहिले म्हणजे कुठं राहिले? टोपलीत का? आणि तुला कोणी सांगितलं टोपलीत ठेवायला? चित्र सापडलं, मी दाबलं. बाई म्हणाल्या, हां, आता येतोय आवाज, बोला.

"काय न्हाई," मी म्हणाले. "लक्षात न्हाई माझ्या."

दाराशी शेवंता होती. तिनं दोन्ही ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं. कंपनीला तसं कळवलं आणि गराची मागणी चालू राहिली. तो तुकडा खरा कोणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. बांगड्या काढून काम करत होते हे ती ऑफिसात बोलली होती, ते जाधवरावांच्या तोंडून बाहेर गेलं आणि संध्याकाळच्या जीपमध्ये तिच्या सासूला दुसऱ्या बायकांकडून ऐकावं लागलं. नवरा धडधाकट असताना रोज मनगटं रिकामी करणारी सून, असं वडगावात झालं. म्हणजे मी जे झाकायला फोटो लपवले होते तेच उघडं पडलं, आणि जे उघड व्हायला हवं होतं ते पुसलं गेलं. बांगड्या ठेवायचा तिचा डबा खोलीतच होता. मी तो एका बाईच्या हातून पाठवला. स्वतः गेले नाही.

नंतर साहेबांनी मला नव्या जागेत माझ्या नावाची किल्ली दिली. झाडलोटीची बाई असले तरी माझं नाव तिथं आहे, नावाशेजारी रंगीत गोल आहे. मोबाइलवर एका बोटानं लिहायला मी शिकले. एक दिवस मी हातांच्या फोटोंच्या फाइलीत, जिथं त्या महिन्याची जागा रिकामी आहे, तिथं एक कागद लिहून ठेवला. त्या महिन्यात शेवंतानं रोज बांगड्या काढून काम केलं, मी स्वतः त्या उतरवल्या, तिचे फोटो मी काढले होते आणि ते माझ्या चुकीमुळं गेले. खाली माझं नाव. तो कागद कोणी उघडला ते तिथं दिसतं. साहेबांचं नाव दिसलं त्या दिवशी मी सकाळपासून वाट बघत होते. दुपारी ते माझ्या जवळ येऊन थांबले. म्हणाले, झालं ते झालं कांताबाई, आता तक्रार मिटली आहे, परत कशाला उकरायचं? मग पाहुणे आलेत, चहा ठेवा म्हणाले. मी चहा ठेवला.

या हंगामात केजच्या बाजारात शेवंता दिसली. पोत्यावर सीताफळाचे ढीग लावून बसली होती. मी बराच वेळ समोरच्या दुकानापाशी उभी होते. शेवटी गेले. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, ये कांताक्का, बस. ती फळं निवडत राहिली. मी तिला कागदाचं सांगितलं, ऑफिसात लिहून ठेवलाय म्हणून.

"लिव्हलंस?" ती म्हणाली. "काय लिव्हलंस, वाच बरं."

मी मोबाइल काढला. शेजारी भाजीवाली होती, दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी वाचायला लागले. माझं वाचन अडखळत चालतं, भाजीवाली काय ते म्हणून वाकून ऐकायला लागली. मी थांबले नाही. बांगड्या मी स्वतः उतरवल्या, इथपर्यंत आले तेव्हा शेवंताचा हात एका फळावर थांबला. शेवटी माझं नाव होतं, तेही मी वाचलं.

तिनं ते फळ दाबून बघितलं, पिकलेल्या ढिगात ठेवलं.

"चांगलं लिव्हलंयस," ती म्हणाली. "त्या दिशी पहिल्यांदा बोललीस तेवढंच पुन्ना बोलायचं हुतं."

गिऱ्हाईक भाव विचारत होतं. ती त्याच्याकडं वळली. मी उठून बाजूला झाले, त्याला फळं बघायला जागा हवी होती.